ज्यांना मत नव्हते त्यांचे वेतन: एनएफएल खेळाडू संघटनेस खुले पत्र

प्रति,
कार्यकारी मंडळ आणि बत्तीस संघांचे खेळाडू-प्रतिनिधी,
नॅशनल फुटबॉल लीग खेळाडू संघटना, वॉशिंग्टन

सप्रेम नमस्कार.

एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य व्यावसायिक लीगच्या, हंगामातील सामने सतरावरून अठरावर न्यायचे आहेत हे लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी कधी लपवलेले नाही, आणि त्यासाठी तुमची संघटना व संघमालक यांच्यातला, 2030च्या हंगामापर्यंत चालणारा सामूहिक करार मुदतीआधीच पुन्हा उघडावा लागेल हेही सर्वांना ठाऊक आहे. अठराव्या सामन्याच्या बदल्यात खेळाडूंना काय मिळावे याची जाहीर चर्चा सुरू झाली आहे. तीत महसुलातील वाटा येतो, विश्रांतीचे आठवडे येतात, सरावाचे नियम येतात. ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीतून, लीगमध्ये येणाऱ्या मुलांच्या वेतनाची जी चौकट 2011 साली तुमच्या सहीने उभी राहिली, तिच्याविषयी मात्र मला त्या चर्चेत काहीच ऐकू येत नाही. हे मौन मला मान्य नाही. या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत ते प्रसिद्ध करते आहे, कारण अमेरिकेत वाढणारी आमची काही मुले आता शाळेच्या फुटबॉल संघांत दिसू लागली आहेत आणि त्यांच्या आईवडिलांच्या कानावर या खेळातले फक्त मोठे आकडे पडतात.

माझा या प्रकरणाशी संबंध वर्गातून आला. मी ओहायोतील एका विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते, आणि आमच्या फुटबॉल संघातील मुले माझ्या प्राथमिक अभ्यासक्रमाला बसतात. पहाटे व्यायाम, दुपारी सराव आणि मधल्या वेळात माझे प्रमाण विचलन, असा त्यांचा दिवस असतो. त्यांच्यातला एक सहाव्या फेरीत निवडला गेला, तेव्हा कराराचा मसुदा घेऊन तो माझ्याकडे आला होता. एजंटावर त्याचा अविश्वास नव्हता, त्याला फक्त आकडे स्वतःला समजून घ्यायचे होते. चार वर्षांच्या त्या कराराची एकूण रक्कम वाचून त्याच्या आईने घर पाहायला सुरुवात केली होती. त्या रकमेपैकी खात्रीने मिळणारी होती ती करारावर सही करतानाच्या बोनसची, आणि बाकी सगळे संघाच्या मर्जीवर होते. तिसऱ्या वर्षी गुडघा गेल्यावर ती मर्जी संपली. त्या संघाने करार मोडला असे मी म्हणत नाही. कराराने जे करू दिले तेच संघाने केले, आणि म्हणूनच माझी तक्रार करार लिहिणाऱ्यांकडे आहे.

वाचकांसाठी ही चौकट थोडक्यात सांगते. ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत अडीचशेहून अधिक खेळाडू निवडले जातात. प्रत्येक क्रमांकाला एक किंमत ठरलेली असते, आणि एखाद्या संघाकडे असलेल्या सर्व क्रमांकांच्या किमतींची बेरीज म्हणजे त्या संघाचा रुकी पूल (रुकी म्हणजे नवोदित). ही रक्कम वेगळी काढून ठेवलेली नसते. संघाच्या एकूण सॅलरी कॅपच्या, म्हणजे 2025 साली 27 कोटी 92 लाख डॉलर असलेल्या वेतनमर्यादेच्या, पोटातच ती मोजली जाते. पूलचे दोन हिशेब असतात, एक पहिल्या वर्षाचा आणि दुसरा चारही वर्षांचा मिळून. पहिल्या वर्षी कॅपमध्ये जेवढी रक्कम धरली, तिच्या पंचवीस टक्क्यांहून अधिक भर पुढच्या कोणत्याही वर्षी घालता येत नाही.

या एका नियमातून वरच्या क्रमांकांचे जवळजवळ सगळे करार कागदपेन्सिलीने काढता येतात. पहिल्या वर्षी एक, मग सव्वा, मग दीड, मग पावणेदोन, अशी बेरीज साडेपाच होते. 2025च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला खेळाडू कॅम वॉर्ड याचा टेनेसी टायटन्सशी झालेला चार वर्षांचा करार सुमारे 4 कोटी 88 लाख डॉलरचा होता. त्याला साडेपाचने भागा, की पहिल्या वर्षाचे सुमारे 88 लाख 66 हजार निघतात. त्यातून नवोदिताचे किमान वेतन 8 लाख 40 हजार वजा करा आणि उरलेल्याची चौपट करा (बोनस कॅपमध्ये चार वर्षांत सारखा वाटून धरतात), म्हणजे सुमारे 3 कोटी 21 लाखांचा सायनिंग बोनस हाती येतो. 2011चा पहिला खेळाडू कॅम न्यूटन याच्या 2 कोटी 20 लाखांच्या करारालाही हेच गणित लागते. मी ते वर्गात उदाहरण म्हणून घेते आणि मुलांना ते आवडते. पण ज्या करारातील मुख्य आकडा विद्यार्थी वर्गात बसून काढू शकतो, त्यात वाटाघाट म्हणावी असे फारच थोडे उरलेले असते. बोनस केव्हा हातात पडेल, ऑफसेटचे कलम (सोडल्यावर दुसऱ्या संघाकडून मिळालेले वेतन हमीतून वजा करण्याचे) असेल की नाही आणि रकमेतील किती भागाला हमी मिळेल, एवढ्यावरच एजंट भांडू शकतो.

2011पूर्वीची स्थिती चांगली होती असे माझे मुळीच म्हणणे नाही. तेव्हाही 1993च्या करारातून आलेला रुकी पूल होताच, पण ऑप्शन बोनस, रद्द करता येणारी वर्षे आणि सहज पूर्ण होणारी बक्षिसे यांच्या आडोशाने तो पार पोखरला गेला होता. 2007च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू जमार्कस रसेल हंगाम सुरू झाल्यावर सप्टेंबरात ओकलंडमध्ये रुजू झाला, त्याला 3 कोटी डॉलरहून अधिक हमी मिळाली, आणि 2010मध्ये संघाने त्याला सोडले. त्याच वर्षीचा पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड याला एकही सामना खेळण्याआधी 5 कोटी डॉलरची हमी मिळाली. दहा वर्षे हाडे झिजवलेल्या खेळाडूला हे पाहून राग येणे स्वाभाविक होते. मार्च ते जुलै 2011 या काळात मालकांनी टाळेबंदी केली, आणि ती उठताना जे मान्य झाले त्यात नवोदितांचे वेतन आवळण्याचा मुद्दा तुम्हाला फारसा जड गेला नाही. वाचलेला पैसा अनुभवी खेळाडूंकडे जाईल असे तेव्हा सांगितले गेले.

माझी पहिली तक्रार या सांगण्याविषयीच आहे. न्यूटनचे वेतन वर्षाला सरासरी 55 लाख होते आणि त्या वेळी सर्वाधिक कमावणाऱ्या क्वार्टरबॅकचे, म्हणजे संघाचे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूचे, सुमारे 1 कोटी 80 लाख. म्हणजे नवा मुलगा अव्वल खेळाडूच्या जवळपास तिसरा हिस्सा मिळवत होता. वॉर्डचे सरासरी वेतन 1 कोटी 22 लाख आहे, आणि डॅलसच्या डॅक प्रेस्कॉटने 2024 साली वर्षाला 6 कोटींचा करार केला. हा हिस्सा आता पाचवा झाला. रुकी पूल सॅलरी कॅपच्या मागोमाग वाढला हे मी मान्य करते, पण शिखरावरचे वेतन कॅपच्या कितीतरी पुढे धावले. म्हणजे पैसा अनुभवी खेळाडूंकडे गेला हे खरे. गेला तो त्यांच्यातल्या मोजक्यांकडे. सहा-सात वर्षे खेळलेला, उत्तम पण अव्वल नसलेला लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू, आता संघाच्या हिशेबात कुठे बसतो? त्याच्या जागी चौथ्या फेरीतला मुलगा तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात मिळत असेल आणि चार वर्षे त्याला पगारवाढ मागण्याची सोय नसेल, तर व्यवस्थापक काय करील हे समजायला माझ्या विषयाची गरज नाही. नव्यांचे वेतन आवळून तुम्ही जुन्यांचे रक्षण केले नाही; त्यांचा स्वस्त पर्याय तयार केला.

दुसरी तक्रार वेळेची आहे, आणि मला ती सर्वांत गंभीर वाटते. ड्राफ्टमधल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि तिसरा हंगाम संपेपर्यंत त्यात बदल करण्यास दोन्ही बाजूंना मनाई आहे. पहिल्या फेरीतील खेळाडूवर पाचव्या वर्षाचा हक्कही संघाकडेच असतो. त्यानंतर फ्रँचाइझ टॅग लावून, म्हणजे ठरलेल्या एका वर्षाच्या वेतनावर रोखून, त्याला आणखी एक वर्ष, आणि मग पुन्हा एक वर्ष, अडकवता येते. म्हणजे एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी आलेला मुलगा सात वर्षे स्वतःची बाजारकिंमत न कळता खेळू शकतो. तुमच्याच संघटनेने खेळाडूची सरासरी कारकीर्द 3.3 वर्षे असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले आहे. लीग यावर आक्षेप घेते आणि पहिल्या हंगामात संघात टिकलेल्यांची सरासरी याहून बरीच मोठी असल्याचे दाखवते. गणित म्हणून तो आक्षेप रास्त आहे, कारण कोणाला मोजायचे यावर सरासरी ठरते. पण तुम्ही तर तुमचा आकडा खरा मानता. मग सरासरी कारकिर्दीहून लांब मुदतीच्या बंधनावर तुम्ही सही कशी केलीत, याचे उत्तर तुमच्याकडून यायला हवे.

रनिंग बॅकची, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूची, अवस्था पाहा. या जागेवरचा खेळाडू विशीतच सर्वोत्तम असतो आणि लवकर झिजतो, म्हणजे त्याची कमाईची वर्षे नेमकी रुकी कराराच्या पोटात जातात. 2017 साली लेव्हियन बेलवर लावलेला टॅग 1 कोटी 21 लाखांचा होता. 2023 साली सॅक्वॉन बार्कली, जॉश जेकब्स आणि टोनी पोलार्ड यांच्यावरचा 1 कोटी 1 लाखाचा. मधल्या सहा वर्षांत सॅलरी कॅप 16 कोटी 70 लाखांवरून 22 कोटी 48 लाखांवर गेली होती. बार्कली 2018च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू. न्यू यॉर्क जायंट्सकडे सहा हंगाम काढल्यावर, 2024 साली, तो पहिल्यांदा मोकळ्या बाजारात आला आणि फिलाडेल्फियाकडून त्या हंगामात 2,005 यार्ड धावला. तो टिकला, म्हणून त्याची गोष्ट सांगता येते.

ज्यांचा सगळ्यांत मोठा लाभ संघांनी घेतला ते क्वार्टरबॅक होते. रसेल विल्सन तिसऱ्या फेरीतला, पंचाहत्तराव्या क्रमांकाचा; चार वर्षांचा त्याचा करार 30 लाख डॉलरच्या आत होता, आणि 2013च्या हंगामात सिअ‍ॅटलने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला तेव्हा त्याचे त्या वर्षीचे मूळ वेतन 5 लाख 26 हजार होते. ब्रॉक पर्डी 2022चा अगदी शेवटचा, 262वा. बोनस 77 हजार डॉलर. 2023चा हंगाम खेळून त्याने सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत नेले, तेव्हा त्याचे मूळ वेतन 8 लाख 70 हजार होते. नियमित सामने खेळणाऱ्या कमी पगाराच्या खेळाडूंना कामगिरीनिहाय निधीतून काही रक्कम मिळते आणि त्यालाही ती मिळाली, पण त्या निधीचा आकार खेळाडूच्या खऱ्या किमतीच्या आसपासही नसतो. मे 2025मध्ये त्याच संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा 26 कोटी 50 लाखांचा करार केला. पर्डीचे भले झाले यात आनंद आहे. पण आधीच्या तीन वर्षांत त्याची मान किंवा खांदा कायमचा गेला असता, तर फरकाची रक्कम कोणाच्या खिशात राहिली असती हे तुम्हीही जाणता. उशिरा निवडलेल्या खेळाडूसाठी कामगिरीनुसार वाढीचे एक कलम आहे खरे. ते लागू होते चौथ्या वर्षी, आणि बहुतेकांचे चौथे वर्ष येतच नाही.

तिसरी तक्रार 2025च्या उन्हाळ्याची. त्या ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतील पहिल्या दोघांना, म्हणजे तेहतिसाव्या आणि चौतिसाव्या क्रमांकाच्या खेळाडूंना, पूर्ण हमीचे करार मिळाले, आणि उरलेले तीस जण जुलैच्या मध्यापर्यंत कराराविना बसून राहिले. रक्कम पूलने ठरलेली, वाद फक्त हमीचा. पहिल्या फेरीत पूर्ण हमी मिळते, पण तीही प्रथेने. कुठल्या क्रमांकाला किती हमी हे सामूहिक करारात लिहिलेलेच नाही. ते लिहून घेणे हे तुमचे काम होते. ते राहिले, म्हणून बावीस वर्षांच्या मुलांना एकेकटे उभे राहून, जखमी होण्याचा धोका पत्करत, तुमचे काम करावे लागले. चाळिसाव्या क्रमांकाचा टायलर शफ पूर्ण हमी घेऊन आला आणि मग कोंडी फुटली.

याच उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट उघड झाली. मार्च 2022च्या मालकांच्या बैठकीत लीगच्या व्यवस्थापन परिषदेने संघांना खेळाडूंच्या करारांतील हमी कमी करण्याकडे वळवले, असे लवादाने जानेवारी 2025मध्ये नोंदवले होते. संघांनी संगनमत केले हे मात्र पुराव्याने सिद्ध झाले नाही, असाही निर्णय दिला होता. हा निकाल महिनोन्‌महिने गुप्त राहिला, आणि तो गुप्त ठेवण्यास तुमच्या संघटनेची संमती होती. तो खेळाडूंपर्यंत पोहोचला तो एका पत्रकारामुळे. हमीसाठी अडून बसलेल्या त्या तीस जणांच्या हाती हा कागद मे महिन्यातच असायला हवा होता. यापलीकडे मी काही लिहीत नाही. तुमचे त्या वेळचे कार्यकारी संचालक जुलैमध्ये पायउतार झाले आहेत.

ड्राफ्ट न झालेल्यांविषयी दोनच वाक्ये लिहिते, कारण चौकटीत त्यांना जागाही तेवढीच आहे. 2011च्या करारात एका संघाने अशा सगळ्या मुलांना मिळून द्यायच्या सायनिंग बोनसची मर्यादा 75 हजार डॉलर होती. ती पुढे वाढली असली तरी तत्त्व तेच राहिले, आणि ऑगस्टअखेर संघातून वगळलेल्या मुलाला, करारात हमी लिहिलेली नसेल तर, मूळ वेतनातले काहीही मिळत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. ड्राफ्ट कायदेशीर आहे तो तुमच्यामुळे. 1968च्या ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टनने निवडलेला जेम्स स्मिथ पहिल्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्यात मानेला दुखापत होऊन कायमचा बाहेर गेला. त्याच्या दाव्यात 1978 साली अपील न्यायालयाने तो ड्राफ्ट मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवला. एव्हाना 1977च्या सामूहिक करारात तुमच्या संघटनेने ड्राफ्टला मान्यता दिली होती, आणि कामगारांच्या संघटनेने वाटाघाटीतून जे स्वीकारले त्याला त्या कायद्यापासून संरक्षण मिळते. वेळेआधी ड्राफ्टमध्ये येऊ पाहणाऱ्या मॉरिस क्लॅरेटच्या 2004च्या खटल्यात न्यायाधीश सोनिया सोतोमायोर यांनी लिहिलेल्या निकालाचाही आशय असाच होता: अजून लीगमध्ये न आलेल्यांनाही संघटनेने केलेला करार बांधतो, आणि जुन्या सभासदांना झुकते माप देण्याची मुभा संघटनेला असते. कायद्याची बाजू तुमच्याकडे आहे. पण मुभा असणे आणि ती दर वेळी वापरणे यांत अंतर आहे. 2020चा करार 1,019 विरुद्ध 959 मतांनी मंजूर झाला. वॉर्ड, शफ आणि माझा तो विद्यार्थी यांच्यापैकी कोणाला त्या मतदानात भाग घेता आला?

हे मला विशेष लागते त्याला कारण आहे. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी दारावर जाऊन उभे राहायचे, कायम कामगार गैरहजर असेल तर साचा मिळायचा. युनियनच्या सभेत कायम कामगार बोलत आणि बदलीवाल्यांचा प्रश्न पुढच्या सभेवर जाई. लक्षाधीश होऊ घातलेल्या खेळाडूंची तुलना मी त्यांच्या दारिद्र्याशी करत नाही. ज्याचा आवाज सभेत नाही त्याच्या वाट्यातून तडजोडीची किंमत वळती होते, एवढे मात्र मी घरातच पाहिले आहे.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. ड्राफ्टमधील खेळाडूचा पहिला करार तीन वर्षांचा करावा आणि दुसऱ्या हंगामानंतर तो बदलण्याची मुभा द्यावी. पाचव्या वर्षाचा हक्क काढून टाकावा. तो काढता येत नसेल, तर ज्या खेळाडूवर तो वापरला त्याच्यावर पुढे फ्रँचाइझ टॅग लावता येऊ नये. कामगिरीनुसार वाढ चौथ्या वर्षाची वाट न पाहता, ज्या हंगामात खेळाडूने ठरावीक प्रमाणाहून अधिक खेळ केला त्याच्या पुढच्याच हंगामात मिळावी, आणि ती पूलच्या बाहेरून द्यावी, म्हणजे एका नव्याची वाढ दुसऱ्या नव्याच्या वाट्यातून जाणार नाही. कोणत्या फेरीला किमान किती हमी हे सामूहिक करारातच क्रमांकवार लिहून घ्यावे, आणि सातव्या फेरीपर्यंत ते लिहावे. शेवटच्या फेरीतल्या मुलाला निदान पहिल्या वर्षाच्या वेतनाची तरी हमी असावी. वाटाघाटी करणाऱ्या समितीत पहिल्याच करारावर खेळणाऱ्या किमान तीन खेळाडूंना मतासह जागा द्यावी. आणि लवादाचा कोणताही निकाल खेळाडूंपासून गुप्त ठेवण्याचा करार संघटनेने यापुढे करू नये.

यासाठी पैसा कोठून येणार, असे तुम्ही विचाराल, आणि तो प्रश्न रास्त आहे. सतरावा सामना देताना तुम्ही महसुलातील वाटा वाढवून घेतला होता. अठरावा सामना द्यायचाच असेल, तर जी वाढ मिळेल तिच्यातला पहिला हिस्सा या सुधारणांसाठी बाजूला काढावा, कारण अठराव्या सामन्याचा मार सर्वाधिक सोसणारे शरीर बहुधा पहिल्या करारावर खेळणाऱ्या मुलाचेच असेल.

वाटाघाटींतील आपल्या मागण्यांचा मसुदा मालकांपुढे ठेवण्याआधी तुम्ही तो सर्व खेळाडूंसाठी प्रसिद्ध करावा, आणि त्यात वरीलपैकी काय घेतले, काय वगळले आणि का, हे लिहावे. पुढच्या सत्राच्या वर्गातही फुटबॉल संघातील मुले असतील. तुमचे उत्तर आले, तर ते मी त्यांना जसेच्या तसे वाचून दाखवीन.

आपली,
संख्याशास्त्राची एक प्राध्यापिका, ओहायो